हजेरीपुस्तकातले मूल आणि वर्गातले मूल



करार अंमलात आला की नाही, हे आम्ही कामगार मंडळींनी मालकाच्या दप्तरावरून कधी ठरवले नाही. खात्यात जाऊन पाहिले. अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हाही एक करारच आहे. (सरकार आता ‘दिव्यांग’ म्हणते, नाव बदलायला पैसा लागत नाही.) त्याचे सोळावे कलम शाळांना बजावते की, मुलाला भेदभाव न करता घ्या, इमारत सुगम करा, त्याच्या गरजेप्रमाणे सोय करा, आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवा.

हे होते का? शाळा दरवर्षी यू-डायसच्या तक्त्यात भरून देते : उतार आहे काय? होय. आता उताराचा हिशेब असा की, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी. तीन पायऱ्यांची दीड फूट उंची असेल, तर अठरा फूट. तो सहा फुटांत उरकला तरी तक्त्यात ‘होय’च पडते, चाकाची खुर्ची मात्र वर चढत नाही.

शिक्षकांचेही तसेच. केंद्र सरकारने २०२२ साली प्रमाण घालून दिले : प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, वरच्या वर्गांना पंधरांमागे एक. परंतु नेमणूक मोजून भागत नाही. तो शिक्षक त्या मुलाजवळ आठवड्यात किती तास बसला? ब्रेलचे पुस्तक जूनमध्ये आले की दिवाळीनंतर? मधल्या सुट्टीत मूल कोणाबरोबर होते?

मात्र एक धोका आहे. अपघात कमी दाखवणाऱ्या खात्याला बक्षीस लावले की जखमी माणूस नोंदवहीतून नाहीसा होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. या मोजणीवर वर्गशिक्षकाची वेतनवाढ टांगली, तर आकडे दुसऱ्याच दिवशी खोटे येतील. साठ मुलांचा वर्ग एकट्याने हाकणारा मास्तर या प्रकरणात आरोपी नव्हे.

मग मोजायचे कोणी? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक ठेवले आहेत. त्यांनी एक टेप घेऊन उतार मोजावा. नंतर त्या एका मुलाचे आठवड्याचे वेळापत्रक मागावे, आणि प्रत्येक तासापुढे लिहावे : मूल कोठे होते, काय करीत होते.