गोल्फ, अण्णा आणि पारनेरचं रान

आजचा विषय गोल्फ. हो, गोल्फच. आता तुम्ही म्हणणार, नगरचा पोरगा आणि गोल्फ? ह्याला लॉटरी लागली की काय राव!

लॉटरी नाही, पाठदुखी लागली. पुण्यात रोज नऊ-दहा तास लॅपटॉपसमोर. गेल्या वर्षी टीमसोबत ड्रायव्हिंग रेंजवर गेलो. पन्नास चेंडूंतले चार नीट लागले, पण तासभर मोबाईल खिशातून निघाला नाही. मग एक जुना, सेकंड-हँड क्लब घेतला.

खरी गंमत पारनेर तालुक्यात, आमच्या गावी झाली. अण्णांना शुगर आहे. रोज चाला, असं डॉक्टर सांगून थकले. अण्णांचं ठरलेलं उत्तर, "बिनकामाचं काय हिंडायचं? लोक काय म्हणतील?" आयुष्यभर हा माणूस कामासाठीच चालला, घरी मोटारसायकल आली आणि चालणं संपलं. बाजरी निघालेल्या रानात मी प्लास्टिकचे चेंडू मारत होतो. अण्णा बांधावर बसून हसत होते. एक चेंडू बाभळीखाली गेला, तो शोधायला ते उठले. परत येऊन म्हणाले, "दे इकडं ती काठी." अंधार पडेपर्यंत त्यांच्या खिशातल्या फोनने चार किलोमीटर मोजले होते. गुडघ्यांची एक तक्रार नाही!

पूर्ण १८ होलचा गोल्फ चालत खेळला तर साधारण आठ-दहा किलोमीटर होतात. २००८ साली स्वीडनच्या कारोलिन्स्का इन्स्टिट्यूटने तीन लाख गोल्फरांचा अभ्यास मांडला. त्यांचा मृत्युदर त्याच वयाच्या, त्याच आर्थिक थरातल्या लोकांपेक्षा ४० टक्के कमी होता. आता गोल्फमुळेच आयुष्य वाढतं, असं यातून सिद्ध होत नाही. मुळात धडधाकट माणूसच खेळायला जातो, हेही असेल. पण त्यात कष्टकऱ्यांचा फायदा जास्त दिसला, हे मला आवडलं.

आणि पैशाचं म्हणाल तर चेंबूरला बघा. तिथल्या बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबवर कॅडीचं काम करणारी वस्तीतली पोरं लोखंडी सळई वाकवून क्लब बनवतात आणि प्लास्टिकच्या चेंडूने गल्लीत खेळतात. माझी प्लास्टिकच्या चेंडूची आयडिया तिथलीच. खरा चेंडू दगडासारखा असतो, रानात गुरं-माणसं असताना तो मारायचा नाही.

एक सांगायचं राहिलं. पहिल्याच आठवड्यात माझी कंबर धरली. वॉर्म-अप न करता जोरात पिळा दिला की असं होतं. गोल्फरांची कंबर दुखणं कॉमन आहे. आधी दहा मिनिटं अंग मोकळं करा, डिस्कचा त्रास असेल तर फिजिओला विचारा.

अण्णांची गोळी चालूच आहे, शुगर पळून गेली वगैरे काही नाही. पण परवा त्यांचा फोन आला, "शनिवारी येतोस ना? आणि चेंडू जास्त आण. दोन कुत्र्यानं नेले."