गोळीला वास येत नाही

(पालक व विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. वीस वर्षांहून अधिक काळ औषधांचं दुकान चालवतो. त्यामुळे काउंटरवरून जे दिसतं, तेवढंच बोलणार आहे.

आपल्या घरांत दारूवर बारीक नजर असते. मुलगा उशिरा आला की अम्मी आधी वास घेते. गोळीला वास येत नाही. ती वहीत मावते, पाकिटात मावते आणि ‘औषध आहे’ म्हटलं की विषय संपतो.

विद्यार्थी मागतात त्या गोळ्या दोन प्रकारच्या. पहिली जागं ठेवणारी. मोडाफिनिल हे झोपेच्या एका आजारावरचं औषध. मिथाइलफेनिडेट हे लक्ष न टिकण्याच्या विकारावरचं. दुसरी शांत करणारी: अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम. मालेगावात अल्प्राझोलमला ‘कुत्ता गोळी’ म्हणतात, छत्रपती संभाजीनगरात नायट्राझेपामसारख्या गोळ्यांना ‘बटन’. नावं गल्लीतली असली, तरी माल औषधाच्या कारखान्यातलाच असतो.

नीटची तयारी करणारा मुलगा रात्र जागायला एक गोळी घेतो. पहाटे छाती धडधडते, झोप येत नाही, म्हणून दुसरी घेतो. आता गंमत बघा. वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत, आणि ती झोप पहिल्या गोळीने नेली. दुसऱ्या गोळीने येणारी गुंगी त्या झोपेची भरपाई करत नाही. उलट या गोळ्या नव्या आठवणी बनण्यातच अडथळा आणतात. म्हणजे रात्रभर पाणी भरलं, पण घागर फुटकी.

काही आठवड्यांत एक गोळी पुरेनाशी होते, मग दोन. त्यात दारू किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध मिसळलं, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

पालकांनो, आता सांगतो ते नीट ऐका. मुलाच्या दप्तरात अशी पाकिटं सापडली की बाप ती गटारात टाकतो, मुलाला खोलीत कोंडतो आणि म्हणतो, ‘आजपासून बंद.’ राग समजण्यासारखा आहे. पण रोज घेतली जाणारी झोपेची गोळी एकदम तोडली तर झटके, म्हणजे फिट्स येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. कोंडू नका, दवाखान्यात न्या.

‘दवाखान्यात नेलं तर पोलिसांत नाव जाईल, मोहल्ल्याची बदनामी होईल,’ ही भीती मी रोज ऐकतो. ती उगाच नाही. चांगल्या वसतिगृहातल्या मुलाने गोळी घेतली तर त्याला ‘अभ्यासाचा ताण’ म्हणतात, आपल्या वस्तीतल्या मुलाने घेतली तर ‘नशेडी’. पण लोकांच्या या दुजाभावाला आपण लपवालपवीने उत्तर देत राहिलो, तर किंमत मुलगाच मोजतो. एम्सच्या मदतीने झालेल्या आणि 2019 मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पाहणीत औषधी उपचाराशिवाय गुंगीच्या गोळ्या घेणारे सुमारे 1.18 कोटी लोक आढळले. ही काही एका जमातीची गोष्ट नाही.

कायदाही समजून घ्या. 1985 च्या एनडीपीएस कायद्यात 64-अ हे कलम आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला तयार झाली, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार पूर्ण करावे लागतात. विकणाऱ्याला ही सवलत नाही.

आता माझ्याच व्यवसायाबद्दल. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन ही औषधं शेड्यूल एच-वनमध्ये येतात. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत. डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते 3 वर्षं जपावं लागतं. मिथाइलफेनिडेट त्याहून कडक शेड्यूल एक्समध्ये आहे. जो दुकानदार बिल न देता पाकीट सरकवतो, तो कुणाचा भाईजान नाही. अशा दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. मोहल्ला कमिटीने लेखी, चार-पाच सह्यांनी केली तर एकट्यावर रोष येत नाही.

मुलांनो, परीक्षा वर्षभराने पुन्हा देता येते. झोप येत नसेल, भीती वाटत असेल, तर 14416 हा टेली-मानसचा क्रमांक आहे. व्यसनासाठी 14446. फोन करायला पैसे लागत नाहीत.

आणि पालकांनो, आज घरी गेल्यावर मुलाला ‘किती मार्क पडतील?’ विचारण्याआधी ‘रात्री झोपलास का?’ एवढं विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा.