सुशिक्षित बेरोजगार आणि हक्काचा भत्ता
(नाकाडोंगरी येथे विद्यार्थी व पालकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही काही वक्ते नाही. बँकेच्या काउंटरवर बसून दिवसभर स्लिपा आणि पासबुके हाताळणारे आम्ही एक लिपिक. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी बेरोजगारीवर बोला म्हणून आग्रह केला तेव्हा वाटले, या विषयावर मोठमोठे विद्वान बोलून गेले, तेथे आम्ही काय नवे सांगणार? परंतु काउंटरच्या आतल्या बाजूने आम्हाला जे दिसते ते काउंटरच्या बाहेर उभे असणाऱ्यांना दिसत नाही. तेवढेच सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

एक मुलगा आमच्याकडे आला होता. बी. ए. झालेला, घरातला पहिला पदवीधर. रांगेत नंबर आला तेव्हा खाली मान घालून हळूच म्हणाला, "सर, थे बेरोजगारीचे पैसे कोनाले भेटतेत?" आम्ही विचारले, "नाव नोंदवले का? आधार खात्याला जोडले का?" तेवढ्यात मागचा एक गृहस्थ हसला. झाले! मुलगा कागद घडी करून निघून गेला. तो पुन्हा आला चार महिन्यांनी. दरम्यान त्याच्याच वर्गातल्या एका मुलीच्या खात्यात महिन्याला दहा हजारप्रमाणे चाळीस हजार रुपये जमा झाले होते. दोघांची पदवी एक, टक्केवारीही जवळपास सारखी. फरक इतकाच की तिने पहिल्या दिवशी विचारले आणि उत्तर मिळेपर्यंत ती जागची हलली नाही.

मित्रांनो, त्या मुलाला आम्ही हसणार नाही. कारण तो मुलगा म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे आम्हीच आहोत.

२००० साली आम्ही बी. ए. झालो आणि भंडाऱ्याला जाऊन सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले. त्या कार्डाला आपण सारे 'एम्प्लॉयमेंट कार्ड' म्हणत असू. त्या काळी कॉल यायचा तो नोंदणीच्या तारखेच्या ज्येष्ठतेने, आणि दर तीन वर्षांनी कार्डाचे नूतनीकरण करावे लागे. २००३ साली आमची मुदत आली तेव्हा आम्ही गेलो नाही. बसभाडे नव्हते असे आम्ही घरी सांगितले. खरे कारण निराळे होते. तीन वर्षांत काय केले, असे कोणी विचारील, आणि काहीच नाही असे म्हणावे लागेल, याची भीती वाटत होती. नोंदणी रद्द झाली, तीन वर्षांची ज्येष्ठता गेली. दोष कोणाचा? कार्यालयाचा नव्हे, आमचाच. पुढे २०११ साली बँकांची लिपिक पदासाठी पहिली सामाईक लेखी परीक्षा झाली, तीत आम्ही निभावलो. पण मधली वर्षे परत आली नाहीत. म्हणून आजची कळकळ.

पहिला प्रश्न असा की, बेरोजगाराने शासनाकडे पैसे मागणे ही भीक आहे काय? आम्ही ठामपणे म्हणतो, नाही! ज्या बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या या भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, त्यांच्या नेतृत्वाखालील मसुदा समितीने तयार केलेल्या संविधानात अनुच्छेद ४१ आहे. काम मिळण्याचा, शिक्षण मिळण्याचा, आणि बेकारी, वार्धक्य, आजार व विकलांगता अशा प्रसंगी सार्वजनिक सहाय्य मिळण्याचा हक्क राज्याने आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत उपलब्ध करून द्यावा, असे त्यात म्हटले आहे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे थेट न्यायालयात जाता येत नाही, हेही आम्ही प्रामाणिकपणे सांगतो. परंतु बेकारी हा व्यक्तीचा अपराध नसून समाजाने वाटून घेण्याचा भार आहे, हे त्या अनुच्छेदाने मान्य केले आहे.

खुद्द बाबासाहेबांची गोष्ट आठवा. १९१५ साली कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवलेला हा पुरुष १९१७ साली बडोद्याला नोकरीवर रुजू झाला, तेव्हा त्याला राहायला जागा मिळेना. अपमानित होऊन ते मुंबईस परतले. १९१८ च्या नोव्हेंबरात सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळेपर्यंत त्यांना शिकवण्यांवर दिवस काढावे लागले. जवळ पदवी असून हाती काम नाही, ही अवस्था त्यांनीही भोगली. आणि विलायतेला ते गेले कशावर? बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, रीतसर करारावर सही करून. सार्वजनिक पैसा अटी समजून घेऊन उजळ माथ्याने घ्यायचा असतो, हा धडा त्यातून आपण घ्यावा.

आणि हा पैसा येतो कोठून? आमच्या पगारपत्रकात दरमहा दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, व्यवसाय कर म्हणून कापले जातात. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. म्हणजे ज्याला नोकरी आहे त्याने नोकरी नसलेल्यासाठी थोडे द्यावे, अशी ही व्यवस्था. तेव्हा तुम्ही मागता ते कोणाच्या खिशातले दान नव्हे. उद्या तुम्हाला नोकरी लागेल, तेव्हा तुमच्याही पगारातून ते कापले जाणार आहे.

आता दुसरा प्रश्न. कोणत्या दारावर जायचे? पुष्कळ मुले चुकीच्या दारावर जातात, नकार मिळतो, आणि सगळीच दारे बंद आहेत असे समजून घरी बसतात.

पहिले दार आहे कर्मचारी राज्य विम्याचे. २००५ ची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणि २०१८ ची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना यांत बेकारीच्या काळात रोख रक्कम देण्याची तरतूद झाली. परंतु ती कोणासाठी? ज्याचा विमा होता, ज्याच्या पगारातून वर्गणी कापली गेली आणि ज्याची नोकरी गेली, त्याच्यासाठी. ज्याने अजून नोकरीच केली नाही त्याचे हे दार नव्हे. तेथे नकार मिळाला तर तो तुमच्या पात्रतेचा अपमान समजू नका. डोंगरी बुजुर्ग किंवा चिखलाच्या मॅंगनीज खाणींच्या आसपास कंत्राटावर काम करणारे तुमचे काका, भाऊ असतील. त्यांची वर्गणी कापली जाते का हे मात्र जरूर विचारा. ती माहिती त्यांच्या कामाची आहे.

दुसरे दार रोजगार हमीचे. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने महाराष्ट्रात ही योजना १९७२ च्या दुष्काळात सर्वत्र गेली, १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी करूनही पंधरा दिवसांत काम दिले नाही तर बेकारी भत्ता, हे तत्त्व त्यात होते. भत्ता होता दिवसाला किमान एक रुपया! रक्कम हास्यास्पद वाटेल, पण काम देणे ही सरकारची जबाबदारी आहे याची ती लेखी कबुली होती. २००५ च्या केंद्रीय कायद्याने कुटुंबाला वर्षात शंभर दिवसांची हमी दिली. काम न दिल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि नंतर किमान निम्मा भत्ता ठरवला. २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्या जागी नवा कायदा संमत केला, त्यात १२५ दिवसांची हमी आहे. नव्या नियमांची माहिती ग्रामपंचायतीत अवश्य घ्या.

येथे कोणी म्हणेल, "बी. ए. होऊन कुदळ धरायची काय?" बंधूंनो, अंगमेहनतीची तयारी असलेला ग्रामीण कुटुंबातील कोणीही प्रौढ माणूस, अशी अट २००५ च्या कायद्यात होती. पदवीधराला मनाई नव्हती. आणि तुम्ही स्वतः गेला नाहीत तरी तुमचे आईवडील जातात. त्यांना भत्ता का मिळत नाही, ठाऊक आहे? कारण काम तोंडी मागितले जाते. लेखी मागणी नाही, तारखेची पोचपावती नाही, मग पंधरा दिवस मोजायचे कोठून? पदवीधराने घरातल्या माणसांचा अर्ज लिहून द्यावा आणि पोचपावती मागून घ्यावी. पदवीचा पहिला उपयोग घरातच आहे.

तिसरे दार मात्र नेमके तुमचे. २०२४ साली राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. १८ ते ३५ वर्षे वयाच्या, शिक्षण संपलेल्या तरुणांना आस्थापनांत व शासकीय कार्यालयांत सहा महिने प्रत्यक्ष काम शिकवायचे आणि विद्यावेतन थेट खात्यात जमा करायचे. बारावी झालेल्यास ६,०००, आयटीआय वा पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये. २०२५ साली मुदत आणखी पाच महिने वाढवली गेली. तिच्यात कायम नोकरीची हमी नव्हती. ही गोष्ट आधीच समजून घ्यावी, म्हणजे पुढे फसवणूक झाल्यासारखे वाटत नाही. पण अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, या चक्रातून सुटायला प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हा एक आधार होता. योजनांची नावे आणि रकमा सरकारागणिक बदलतात. शेजारच्या छत्तीसगडने २०२३ साली अडीच हजारांचा भत्ता सुरू केला. कर्नाटकाने 'युवा निधी' योजनेतून पदवीधरास तीन हजार जाहीर केले, बेळगावकडच्या मराठी मुलांनाही तेथे अर्ज करता आला. म्हणून आज काय चालू आहे हे भंडाऱ्याच्या जिल्हा कौशल्य विकास व रोजगार केंद्रात स्वतः जाऊन विचारा. चहाच्या टपरीवर ऐकलेल्या माहितीवर विसंबू नका.

आता तुमची खरी धास्ती. "अनुभव काय?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचे? आम्ही बेकार होतो तेव्हा उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या फडीवर पुड्यांचा हिशेब लिहिला, चौथी-पाचवीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या, जयंतीच्या वर्गणीचा जमाखर्च ठेवला. तरी विचारले की आम्ही म्हणत असू, "काही नाही." केवढी चूक! हिशेब लिहिणे हे काम नव्हे काय? तुम्हीही आज घरी जाऊन एका कागदावर लिहा, काय केले, किती दिवस केले, कोणासाठी केले. खोटे एक अक्षर लिहू नका, पण खरे लपवूही नका. आणि खरोखरच काही नसेल तर सरळ सांगा, "अनुभव नाही, म्हणूनच अर्ज करतो." असे म्हणण्यात कसलीही लाज नाही.

शेवटी बँकेच्या चार गोष्टी. यावर आमचा अधिकार आहे म्हणून जोर देऊन सांगतो. एक, शासनाचे बरेचसे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते जोडलेले खाते एकच असते. शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले असेल तर पैसे तिकडे जाऊन पडतात आणि मुलगा इकडे पासबुक भरत राहतो. कोणते खाते जोडले आहे ते आधी तपासा. दोन, दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर खाते निष्क्रिय होते. शंभर रुपये भरा, काढा, खाते चालू ठेवा. तीन, गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, बँकेत वडिलांचे नाव गाळलेले, असे असेल तर अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्ती करा. चार, अधिवास, जात आणि उत्पन्नाचे दाखले लागतील तेव्हा तहसिलात धावण्यापेक्षा आधीच काढून एका फाईलीत ठेवा. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपते, तेवढी तारीख पाहत जा.

आणि संस्थेला आमची नम्र विनंती. विहारात दर रविवारी दोन तास एक टेबल मांडावे. नोकरीत असलेल्यांनी पाळीपाळीने तेथे बसावे आणि मुलांचे अर्ज तपासून द्यावेत. महिन्यातून एकदा चार-पाच मुलांनी मिळून भंडाऱ्याला जावे. एकट्या मुलाचा घसा काउंटरवर कोरडा पडतो. पाच जण सोबत असले की मागून कोणी हसत नाही, आणि हसला तरी काही बिघडत नाही. पहिल्या रविवारी त्या टेबलाशी आम्ही स्वतः बसू, हा शब्द देतो.

तो बी. ए. झालेला मुलगा आज या सभेत आहे. त्याचे नाव आम्ही सांगणार नाही. दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा आम्ही त्याला काउंटरच्या आत बोलावून बाजूच्या खुर्चीवर बसवले आणि दोघांनी मिळून अर्ज भरला. पहिल्याच दिवशी आम्हाला हे सुचायला हवे होते. म्हणूनच आज विद्यार्थ्यांना जेवढे सांगितले तेवढेच आम्हा नोकरदारांनाही सांगायचे आहे. समोरचा पोरगा घाबरलेला दिसला तर त्याला खुर्ची द्या.