ड्रोनवरचा बाण

आमच्या बचतगटाकडं फवारणीचा ड्रोन आहे, दहा लिटर टाकीचा. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख अनुदान. बाकीचं कर्ज गटाच्या डोक्यावर. त्यामुळं तो हवेत असला की आमचा जीव टांगणीला.

ड्रोन आपलाआपण उडतो तो ऑटोपायलटमुळं. जीपीएस त्याला जागा सांगतं, होकायंत्र दिशा. घेताना आम्ही एकच हट्ट धरला, जमिनीपासूनची उंची मोजणारा रडार पाहिजे. आमची शेतं उताराची. रडार नसता तर ड्रोन चढाला पिकात घुसला असता.

मागल्या हंगामात जीपीएसचा भाग दुरुस्तीवाल्याकडून बदलून आणला. उडवला, तर एका जागी थांबेना! घिरट्या घालायला लागला, घेर वाढतच चालला. आमच्या पायलट ताईनं ऑटोपायलट सोडून हातानं खाली घेतला, म्हणून वाचला. कारण एवढंसंच होतं. त्या भागावर बाण असतो, तो ड्रोनच्या तोंडाकडं पाहिजे. आमचा तिरका बसवलेला.

आता दुरुस्तीवरून आला की पहिला बाण बघतो. पत्र्याच्या शेडपासून, ट्रॅक्टरपासून लांब जाऊन होकायंत्र जुळवतो, कारण लोखंडाजवळ ते चुकतं. ‘घरी परत’ची उंची शेतातल्या सगळ्यात उंच झाडाच्या वर ठेवतो. विजेच्या तारा मात्र ऑटोपायलटला दिसतीलच असं नाही. त्यासाठी आमच्यातल्या दोघी आधी बांधानं चालत फिरून येतात.