जुनी मोटार आणि इंजिन धुणारी औषधे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



एका निवृत्त शाळामास्तराने मोटारीच्या इंजिनावर बोलावे याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. परंतु आज आपल्या ज्ञातीची स्थिती कशी आहे ते पाहा. तांब्यापितळेच्या भांड्यांचा आपला वाडवडिलांचा धंदा स्टेनलेस स्टीलने आणि प्लॅस्टिकने मागे लोटला. ज्या घरांत पूर्वी पहाटेपासून हातोड्याचा नाद उठे, त्या घरांतील कित्येक तरुण आज वापरलेली मोटार विकत घेऊन शाळेची मुले पोचवितात, भाडी मारतात किंवा मालाची ने-आण करतात. त्यांतील बहुतेकांनी कर्ज काढले आहे. काहींनी घरातील दागिना मोडला आहे. अशा घरी इंजिन निकामी होणे म्हणजे चूल विझणे होय. यास्तव हा विषय मी मुद्दाम निवडला.

जुनी गाडी घरी आली की तिला पहिला सल्ला मिळतो तो असा : "तेलात अमुक औषधाचा एक डबा ओता, इंजिन आतून धुऊन निघेल आणि गाडी नव्यासारखी पळेल." काही ठिकाणी डब्याऐवजी रॉकेल किंवा डिझेल ओततात. हा सल्ला सर्वस्वी खोटा नाही आणि सर्वस्वी खराही नाही. तो केव्हा हितकर आणि केव्हा घातक, हे कळण्यासाठी तेलाचे काम आधी समजून घेतले पाहिजे.

इंजिनातील तेल केवळ वंगण नव्हे. ते घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते, पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांमधील फट भरते, गंज रोखते आणि मळ धुते. पैकी हे शेवटचे काम पूर्वीच्या साध्या तेलास साधत नसे. १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिनांच्या रिंगा मळीने चिकटून बसू लागल्या, तेव्हा तेलातच मळ धुणारी द्रव्ये मिसळण्याची रीत निघाली. आजच्या चांगल्या तेलात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम यांची मळ सोडविणारी संयुगे असतात. मळाचे कण एकमेकांस चिकटू न देता तरंगत ठेवणारी द्रव्ये असतात. आणि जस्त व फॉस्फरस यांचे, झीज रोखणारे संयुग असते. तात्पर्य, दुकानातून आपण आणतो त्या तेलात साबण आधीच घातलेला असतो. तेल काळे झाले म्हणून पुष्कळ जण घाबरतात. परंतु काळे पडणे हे बहुधा तेलाने मळ आपल्या अंगावर घेतल्याचे लक्षण होय. डिझेल गाडीत तर काजळीमुळे ते फार लवकर काळे होते.

मग गाळ साचतो कसा? तेल वेळेवर न बदलल्याने. उष्णतेने तेल जुने होते, त्यात ज्वलनातील वाफ, कच्चे इंधन आणि काजळी मिसळते. गाडी नेहमी दोन-चार किलोमीटरच धावत असेल, तर तेल पुरते तापत नाही आणि आतील पाणी उडून जात नाही. तेलातील साबणाची शक्ती संपली की मळ खाली बसू लागतो आणि झाकणाखाली, तेलाच्या वाटांत व चेंबरच्या तळाशी डांबरासारखा थर जमतो.

इंजिन धुण्याचे औषध म्हणजे बहुधा रॉकेलाच्या जातीचे पातळ द्रावक आणि त्यात मळ सोडविणारी द्रव्ये. तेल काढून टाकण्यापूर्वी ते जुन्या तेलात ओतावयाचे, इंजिन जागेवरच पाच ते पंधरा मिनिटे हळू चालवावयाचे आणि मग सर्व तेल उपसून टाकावयाचे, अशी त्याची रीत. थर पातळ असेल, रिंगा नुकत्याच चिकटू लागल्या असतील, तर त्याचा उपयोग होऊ शकतो, हे मान्य केले पाहिजे.

परंतु थर जाड असेल तर काय होते? द्रावक तो सगळाच विरघळवीत नाही. त्याचे पोपडे सुटतात. चेंबरच्या तळाशी तेलपंपाच्या तोंडावर एक जाळी असते. पोपडे तेथे अडकले की पंपाला तेल मिळत नाही. फिल्टर तुंबला तर त्यातील झडप उघडून न गाळलेले तेल पुढे जाऊ शकते. शिवाय द्रावकाने तेल पातळ होते आणि दोन धातूंमधील तेलाचा पडदा दुबळा होतो. क्रँकच्या बेअरिंगवर तांबे, कथील किंवा अॅल्युमिनियम यांच्या मिश्रधातूंचा पातळ थर असतो. मऊ धातूवर कोरडे पोलाद फिरले म्हणजे काय होते, हे तांबटाच्या मुलाला सांगावयास नको.

आपल्याच एका कुटुंबात असे घडले. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. दहा वर्षे वापरलेली डिझेल गाडी घेतली. पूर्वीच्या मालकाने तेल केव्हा बदलले याची नोंद नव्हती. गॅरेजात औषध घालून इंजिन धुतले, नवे तेल भरले. तिसऱ्या दिवशी घाट चढताना तेलाचा लाल दिवा लागला. मुले शाळेतून आणावयाची असल्याने गाडी तशीच पुढे नेली आणि थोड्याच अंतरावर इंजिन जाम झाले. उघडले तेव्हा जाळी गाळाने भरलेली आणि बेअरिंगे खरवडलेली निघाली. कर्जाचे हप्ते मात्र थांबले नाहीत. त्या घरातील माउलीने चार महिने पोळ्या लाटून ते भरले. म्हणून तरुणांनो, एवढे तरी ध्यानात ठेवा : तो लाल दिवा लागला की गाडी बाजूस घेऊन इंजिन त्याच क्षणी बंद करावे. मुलांस उशीर झाला तरी चालेल.

जाहिरातींविषयीही सावध असावे. इंजिन जपणाऱ्या 'स्लिक फिफ्टी' नामक द्रव्याच्या जाहिरातीतील दाव्यांना पुरेसा आधार नाही, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ साली ठेवला आणि १९९७ साली ते प्रकरण तडजोडीने मिटले. ते धुण्याचे औषध नव्हते, हे खरे. परंतु डब्यावरील वाक्य म्हणजे पुरावा नव्हे, हा धडा दोहोंस लागू आहे. चिंचेने भांडे उजळते. भोक पडलेले भांडे चिंचेने सांधत नाही. झिजलेल्या रिंगा कोणत्याही डब्याने भरून येत नाहीत.

आता काय करावे ते क्रमाने सांगतो. पहिले, गाडी घेण्यापूर्वी इंजिन थंड असताना तेलाचे झाकण उघडून उजेडात आत पाहावे. काळा जाड थर दिसला, किंवा तेल दुधाळ दिसले, तर सावध व्हावे. दुधाळपणा पाणी शिरल्याचे लक्षण असू शकते. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. विश्वासू मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घ्यावे.

दुसरे, गाडी घेतल्यावर तेल आणि फिल्टर दोन्ही बदलावे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच तेल घालावे. दीड-दोन हजार किलोमीटरनंतर दोन्ही पुन्हा बदलावे. चांगले तेल मळ हळूहळू सोडविते. या कामात घाई नसणे हाच त्याचा गुण आहे.

तिसरे, गाळ फारच असेल, तर चेंबर उतरवून तो आणि जाळी हाताने साफ करावी. मजुरी पडते, पण नव्या इंजिनाहून ती पुष्कळ स्वस्त.

चौथे, औषध वापरावयाचेच ठरले, तर डब्यावर लिहिलेले प्रमाण आणि वेळ तंतोतंत पाळावी, ते आत असताना गाडी रस्त्यावर नेऊ नये, आणि तेलाबरोबर फिल्टरही बदलावा. काही नव्या इंजिनांत टायमिंगचा पट्टा तेलातच फिरतो. तेथे द्रावकाने पट्ट्यास अपाय होऊ शकतो, म्हणून आधी पुस्तिका पाहावी. रॉकेल आणि डिझेल यांच्या वाटेस जाऊच नये. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच तेलात बुडालेला असतो; मोटारीच्या तेलाचे घर्षण कमी करणारे द्रव्य त्यात घातल्यास क्लच घसरू शकतो, हेही मोटारसायकलवाल्यांनी विसरू नये.

पाचवे, उपसलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ ओतू नये. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी ते घातक कचऱ्यात गणले आहे. ते गोळा करणाऱ्या अधिकृत व्यक्तीकडे जाईल असे पाहावे.

आणि शेवटचे, एक वही ठेवावी. तेल केव्हा बदलले, किती किलोमीटरला, कोणत्या प्रतीचे, हे तिच्यात लिहावे. गाडी पुढे विकताना ती वहीच तिची अब्रू ठरेल आणि घेणाऱ्या कुटुंबाची फसवणूक टळेल.

आपल्या वाडवडिलांनी भांड्याला कल्हई करण्यापूर्वी ते किती जाड उरले आहे हे बोटाने चाचपून पाहिले आणि मगच त्याला हात घातला. मोटारीच्या बाबतीतही हीच रीत आपणांस तारील.