गिझरचं बटण कुणाकडे?

(गोरेगाव-मालाड परिसरातील महिला मंडळांच्या दिंडोशी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मला सांगितलं होतं की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यावर बोला. त्यावर बोलणारच आहे, पण आधी पिशवीतल्या दोन वस्तू टेबलावर ठेवते. ही एक तुमच्या ओळखीची, एक्स्टेन्शन बोर्ड. चार सॉकेट, एक वायर आणि वायरीला दोन ठिकाणी चिकटपट्टी. माझ्याच स्वयंपाकघरातला आहे, त्यामुळे नावं ठेवायला हरकत नाही. ही दुसरी, मुठीत मावणारी पांढरी डबी. हिला स्मार्ट प्लग म्हणतात. भिंतीतल्या सॉकेटमध्ये ही खोचायची, हिच्यात गिझरची नाहीतर दिव्याची पिन खोचायची, आणि मग ते उपकरण मोबाइलवरून चालू-बंद करायचं. घरात बसून, नाहीतर चर्चगेटच्या ऑफिसात बसूनसुद्धा. असेच स्मार्ट एक्स्टेन्शन बोर्डही मिळतात, त्यांचं प्रत्येक सॉकेट मोबाइलवरून वेगळं चालवता येतं.

या डबीचा आणि बाईवरच्या अत्याचाराचा काय संबंध, असं काहीजणींच्या चेहऱ्यावर दिसतंय. थोडा धीर धरा.

आपण बसलोय दिंडोशीत. इथे नागरी निवारा परिषदेची सहा हजारांवर घरं उभी राहिली. 1976 च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याखालची जमीन सामान्य माणसाच्या घरासाठी मिळावी म्हणून मृणालताई गोरे आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं भांडले. त्याआधी गोरेगावच्या पाण्यासाठी त्या भांडल्या, तेव्हापासून त्या 'पाणीवाली बाई' झाल्या. 1972 च्या महागाईविरोधी आंदोलनात थाळ्या-लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्यातही त्या पुढे होत्या. म्हणजे पाणी, धान्य, तेल, छप्पर या गोष्टी कुणाच्या ताब्यात आहेत, हे या भागातल्या बायकांनी फार पूर्वीच विचारून ठेवलंय. विजेचं मात्र आपण विचारत नाही. बिल आलं की भरतो, फ्यूज उडाला की 'अहो, बघा ना जरा' म्हणून हाक मारतो.

आधी या एक्स्टेन्शन बोर्डाचं बोलू. हा आपल्याकडे का असतो? कारण घर बांधताना स्वयंपाकघरात बाई कुठे उभी राहते, मिक्सर कुठे ठेवते, हे कुणी तिला विचारलेलं नसतं. ओट्यापाशी एक सॉकेट, तेही फ्रिजने अडवलेलं. मग मिक्सर, इंडक्शन, किटली सगळं या एका वायरीवर येतं. आता शाळेतला गुणाकार करू. आपल्याकडे घरातली वीज 230 व्होल्टची. साधा बोर्ड 6 अँपिअरचा. 230 गुणिले 6 म्हणजे 1380 वॉट. चारही सॉकेट मिळून 1380, एकेकाचे नव्हेत! इस्त्री एकटीच हजारापर्यंत जाते. किटली दीड हजाराची. इंडक्शन दोन हजाराचं. बोर्डाला चार भोकं आहेत म्हणजे चार वस्तू चालतात असं आपण समजतो, आणि आत वायर तापत राहते, तिचं वरचं आवरण मऊ होत जातं. जळका वास आला की आपण आधी गॅसवर बघतो, दूध उतू गेलं का म्हणून.

मोठ्या पिनेचं, ज्याला आपण पॉवर पॉइंट म्हणतो, ते 16 अँपिअरचं. गिझर, इंडक्शन, ओव्हन यांची जागा तिथेच, आणि मध्ये बोर्ड न घेता थेट भिंतीत. मोठी पिन लहान सॉकेटमध्ये बसवणारा एक जुगाडू तुकडा दुकानात मिळतो, तो घरात असेल तर आज जाऊन फेकून द्या. तीन पिनांतली वरची जाड पिन अर्थिंगची. ती बसत नाही म्हणून दोन पिनांवर काम चालवणं म्हणजे ओल्या हाताने भांडी घासता घासता मिक्सरला हात लावणाऱ्या बाईच्या जिवाशी खेळ. मीटरच्या बाजूच्या पेटीत आरसीसीबी नावाचा खटका आहे का ते बघा. त्याच्यावर 'टी' लिहिलेलं बारीक बटण असतं. ते दाबल्यावर घरातली वीज गेली पाहिजे. नाही गेली, किंवा तसा खटकाच नाही, तर वायरमन बोलवा. हे मी पन्नाशीनंतर शिकले, एका वायरमनच्या मागे मागे फिरून. तो दर दोन मिनिटांनी विचारायचा, 'साहेब कधी येतील?'

आता ही पांढरी डबी. ही वाईट आहे असं मी म्हणणार नाही. माझे गुडघे गेलेत. रात्री बाथरूमला जाताना खोलीच्या टोकापर्यंत अंधारात चाचपडत जावं लागायचं, आता उशाशी फोनला सांगते आणि दिवा लागतो. आमच्या ओळखीत एक बाई अंथरुणाला खिळलेल्या सासूला घरात ठेवून कामाला जातात. दुपारी उकडायला लागलं की त्या दादरहून सासूचा टेबलफॅन लावतात. आता यात घरकामाचे कष्ट वाचतात म्हणावं, तर तसं नाही. आधी बाई घरी असताना पंखा लावायची, आता ऑफिसातूनही लावते. भारत सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला 289 मिनिटं जातात, पुरुषाचे 88. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 मध्ये एक अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की घरात यंत्रं आल्यावर पुरुषांची आणि मुलांची कामं सुटली, बाईची सुटली नाहीत. पण आज मला वेळेपेक्षा वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलायचंय.

आमच्या सल्ला केंद्रात एक बाई आल्या. नाव-गाव सांगत नाही, काही तपशीलही बदलते. नीटनेटक्या, शिकलेल्या. अर्धा तास इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "ताई, अंगावर हात नाही उचलत ते. फक्त पाणी थंड होतं."

मला कळेना. मग हळूहळू उलगडलं. नवऱ्याने घरात सहा-सात असे प्लग बसवले होते. गिझरला, टीव्हीला, वायफायच्या डबीला, हॉलमधल्या पंख्याला. सगळ्यांचं खातं एक, आणि ते त्याच्या फोनमध्ये. सकाळी भांडण झालं की तो ऑफिसला गेल्यावर गिझर बंद. डोक्याला साबण लावलेला असताना पाणी गार. माहेरचा फोन आला की वायफाय बंद. टीव्हीवर मालिका लागली की पाच मिनिटांत टीव्ही बंद, आणि मेसेज: 'बिल कोण भरतं?' या प्लगांतले काही वीज किती वापरली तेही मोजतात आणि फोनवर त्याचा आलेख दाखवतात. रात्री तो तो आलेख काढून बसायचा. दोन ते चार काहीच चालू नव्हतं. कुठे गेली होतीस?

तुम्ही म्हणाल, प्लगवर बटण असतं ना, ते दाबायचं. असतं. पण गिझरचा पॉइंट कुठे असतो आठवा. बाथरूममध्ये छताजवळ. ही बाई ओल्या पायांनी स्टुलावर चढून ते बटण दाबायची, आणि ती उतरेपर्यंत तो तिकडून पुन्हा बंद करायचा. एकदा घसरली. मनगट मोडलं. दवाखान्यात 'बाथरूममध्ये पडले' असं सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

त्या तक्रार द्यायला गेल्या तेव्हा टेबलामागचा माणूस हसला. म्हणाला, बाई, नवरा वीज वाचवतोय, यात गुन्हा कसला? मला त्या माणसाचा राग आला, पण खरं सांगते, पहिली पाच मिनिटं मीही गोंधळलेच होते. आपण तीस-चाळीस वर्षं वळ, भाजल्याच्या खुणा, फाटलेलं ब्लाऊज बघत आलो. इथे दाखवायला काही नाही. आणि हसणाऱ्याने एक गोष्ट बघितली नाही. भिंतीवरचं बटण घरातल्या सगळ्यांचं असतं. सासूचं, सुनेचं, पाच वर्षांच्या पोराचंही. खातं एकाचंच असतं. बटण भिंतीवरून खात्यात गेलं की घरात राहणारी बाई आपल्याच घरात परवानगीने राहायला लागते.

हे फक्त इथलं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 2018 पासून याच विषयाचा अभ्यास सुरू आहे. त्याच वर्षी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतल्या अशा बायकांची हकिकत छापली. कुणाचा एसी आपोआप बंद होतो, कुणाच्या दाराच्या कुलपाचा आकडा रोज बदलतो. बायकांना वाटायचं, आपल्याच डोक्यात बिघाड झालाय. इंग्लंडमध्ये 2018 मध्येच एका माणसाला शिक्षा झाली. वेगळं राहू लागल्यावरही तो स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या टॅब्लेटमधून बायकोचं बोलणं ऐकत होता. घरातले दिवे आणि हीटर चालवायला लावलेला टॅब्लेट!

आता कायदा. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, 26 ऑक्टोबर 2006 पासून लागू झालेला, तो मिळवायला आपल्यातल्या कित्येकजणींनी सह्या गोळा केल्यात. त्याचं कलम 3 पुन्हा वाचा. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार आहेत. आर्थिक छळात केवळ पैसे न देणं येत नाही. घरातल्या नात्यामुळे ज्या साधनांचा आणि सोयींचा वापर करायचा तिला हक्क आहे, त्यांच्यापासून तिला अडवणं हेही येतं. 2005 मध्ये कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हे प्लग नव्हते, तरी गरम पाणी या वाक्यात बसतं. पंखा बसतो. म्हणून अर्ज लिहिताना 'मानसिक त्रास देतात' एवढंच लिहून थांबू नका. कुठल्या तारखेला, किती वाजता, कुठलं उपकरण, त्याआधी कशावरून भांडण झालं होतं, त्यानंतर कुठला मेसेज आला, हे लिहा. संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरतात त्यातही हे यायला हवं. आणि मागणीही तशीच नेमकी करा: प्लग काढावेत, किंवा खात्याचा ताबा बाईला द्यावा. अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे जातो, अंतरिम आदेशही मागता येतो. आदेश पटला नाही तर 30 दिवसांत सत्र न्यायालयात अपील. ते तर आपल्या दिंडोशीतच आहे.

आमच्या त्या बाईंनी मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलने बारीक नोंदी केल्या होत्या. 'ग' म्हणजे गिझर, 'व' म्हणजे वायफाय. दूधवाल्याच्या खाड्यांसारख्या. त्यावरून आम्ही चार पानी अर्ज केला. फोनवरचे मेसेज द्यायचे तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्याचं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकिलांना विसरू देऊ नका.

एक इशारा, आणि हा मी दोनदा देणार आहे. केंद्रात अशी बाई आली की उत्साहात 'जा, उपटून फेक ते' असं सांगू नका. प्लग काढला की त्याच्या फोनवर तो 'ऑफलाइन' दिसतो. म्हणजे त्याला तत्काळ कळतं. ती त्या घरातच राहणार असेल तर त्या रात्री काय होईल, ती कुठे जाईल, शेजारी कोण आहे, हे आधी ठरवा. महिला हेल्पलाइनचा 181 नंबर तिला पाठ आहे का बघा, कारण फोनही तपासला जातो. मग प्लग. पुन्हा सांगते, आधी सुरक्षितता, मग प्लग.

ज्यांच्या घरी असा वाद नाही त्यांनीही विचारून ठेवा, खातं कुणाच्या नावावर आहे. बहुतेक ॲपमध्ये घरातल्या दुसऱ्या माणसाला जोडता येतं, पण मालक आणि सदस्य असा फरक असतो, आणि मालक सदस्याला काढून टाकू शकतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या बायका देशात 54 टक्के होत्या. उरलेल्यांच्या घरात स्मार्ट प्लग आला तर त्यांच्यासाठी ते बटण नाहीच. आणि इस्त्री, शेगडी, इंडक्शन असल्या तापणाऱ्या वस्तू यावर लावूच नका. समोर कुणी नसताना इस्त्री तापायला लागली तर? शिवाय 10 अँपिअरच्या प्लगवर गिझर चालवला तर आतला खटका कधीकधी चिकटून बसतो. फोनवर 'बंद' दिसतं आणि गिझर चालूच राहतो.

त्या बाईंच्या अर्जाची पुढची तारीख लागली आहे. दरम्यान गिझरचा प्लग निघाला. कोर्टाने नव्हे, सासूने काढायला लावला. एका सकाळी गार पाणी त्यांच्या अंगावर आलं होतं.

बरं, आता बोलणं पुरे. ज्योती, तो टेबलफॅन इकडे आण. हा प्लग मी इथे लावते. याच्यावरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरलं की दिवा भराभर लुकलुकतो आणि तो नव्याने जोडायला तयार होतो. काही कंपन्यांच्या प्लगवर मात्र जुन्या मालकाने सोडल्याशिवाय नवं खातं चढत नाही, ते कसं ओळखायचं तेही दाखवते. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन आहे त्या पुढे या. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आधी या.