दाणा निवडावा तशी गोष्ट निवडावी
(शताब्दी सोहळ्यात मंडपात केलेले भाषण)

मंडळी म्हणाली, बुवा, आज कीर्तन नको, साधं बोला. आम्ही चौथी शिकलेले, रानात राबणारे. विवेक हा शब्द कीर्तनात पुष्कळदा येतो. तो घरात, रानात, बाजारात कसा वापरायचा एवढंच बोलतो.

विवेक म्हणजे निवडणं. आपल्या बाया ताटात तांदूळ घेऊन बसतात, खडा वेगळा, दाणा वेगळा. तांदूळ मामाने दिला का सासऱ्याने, हे बघून कुणी निवडायचं सोडत नाही. बातमी मात्र पाव्हण्याने फोनवर पाठवली की आपण तशीच गिळतो, आणि वर दुसऱ्यालाही वाढतो.

त्याने काय होतं ते ऐका. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा, बाजाराचा दिवस. पोरं पळवणारी टोळी आली, असं त्या दिवसांत फोनवर फिरत होतं. तिथं आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं. त्यातली काही आपल्या मंगळवेढं तालुक्यातली होती. चोखोबांचं, दामाजीपंतांचं मंगळवेढं, पंढरीच्या उंबऱ्यावरचं. त्याच आठवड्यात पालख्या निघायच्या होत्या. त्या गर्दीत सगळेच काय खुनशी होते? नाय. प्रत्येकाला वाटलं, एवढी माणसं म्हणतायत म्हंजे खरंच असंल. “बाबांनो, तुमचं गाव कोणतं, ओळखीचं कोण आहे?” एवढं विचारून एक फोन लावायला किती वेळ लागतो? गर्दीत तेच जड जातं. लोक काय म्हणतील, आपल्यालाच त्यांचा साथीदार समजतील, ही भीती. आमच्या मते विवेकाच्या आड येणारी सगळ्यात मोठी धोंड हीच. अज्ञान तिच्या मागून येतं.

दुसरी धोंड म्हणजे, जे जुळलं तेवढं ध्यानात ठेवायचं आणि जे फसलं ते विसरायचं. साप चावला की अजून काही गावांत मांत्रिकाकडे नेतात. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी. धामण चावलेला माणूस मंत्र न घालताही उठून घरी जातो, पण नाव मांत्रिकाचं होतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चावलं आणि माणूस गेला, तर म्हणतात त्याचे दिवस भरले होते. अरे, मग मांत्रिक हरणार कधी? जी गोष्ट कधी खोटीच ठरू शकत नाही, तिच्या नादी लागून सरकारी दवाखान्यातल्या लशीचा वेळ घालवायचा नाही. चिरायचं नाही, करकचून आवळायचं नाही, पाय हलू न देता सरळ गाडीत घालायचं.

आता रानातलं सांगतो. आमच्याकडे एकजण उसाचं टॉनिक घेऊन आला, “बुवा, सगळ्या फडाला मारा, टनेज बघा.” आम्ही म्हणालो, बाबा, सगळ्याला मारलं आणि ऊस चांगला आला, तर ते औषधाने का पावसाने, हे कळणार कसं? चार सऱ्यांना मारलं, शेजारच्या चार तशाच ठेवल्या. खत तेच, पाणी तेच. तोडणीला दोन्हीकडच्या मोळ्या वेगळ्या करून वजन घेतलं. फरक उन्नीस-बीस. तो पुन्हा आला नाही! बेणेप्रक्रिया मात्र अशीच करून पाहिली, तिथं उगवणीत फरक दिसला, ती अजून करतो. म्हंजे नवीन सगळं खोटं असं नाही, आणि जुनं सगळं खरं असंही नाही.

कुणी म्हणेल, बुवा, वारकऱ्याने शंका घ्यायची का? माउली, शाळा न शिकलेले गाडगेबाबा कीर्तनात काय करायचे? लोकांना प्रश्नच विचारायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. कर्ज काढून सण करू नका, देवापुढे बकरं कापू नका, हे त्यांनी असंच गळी उतरवलं. आणि म्हणून त्यांची विठ्ठलावरची किंवा माणसावरची माया तसूभर कमी झाली का?

अडचण वडीलधाऱ्यांपाशी येते. तात्यांना खोटं कसं म्हणायचं? तर खोटं म्हणूच नये. “तात्या, हे तुम्ही स्वतः पाहिलं का ऐकलं?” असं पाया पडून विचारावं. निम्म्या गोष्टी तिथंच गळतात. आमची नातवंडं आम्हालाच असं विचारतात. राग येतो हो, खोटं कशाला बोलू. पण उत्तर द्यावं लागतं.

आपल्या दिंडीपुरतं एक मागणं. वाटेत पूल वाहून गेला, अमक्या टँकरच्या पाण्याने माणसं आजारी पडली, असं काही फोनवर आलं, तर ते लगेच स्पीकरवरून सांगू नये. आधी दोघांनी पुढच्या मुक्कामाला किंवा पोलिसांना फोन करून खात्री करावी, मग चोपदारांनी सांगावं. पाणी संशयाचं वाटलं तर तेवढा वेळ ते पिऊ नये, पण धावाधाव करू नये. गर्दीत एक माणूस पळाला की मागची पन्नास पळतात, आणि म्हाताऱ्या बाया पायाखाली येतात. विणेकरी बुवांनी आजच हो म्हणावं, म्हंजे येत्या आषाढीला हे सुरू होईल.

रामकृष्ण हरी.